दिव्याचं तेल आणि डावी मूठ

मित्रांनो, माझा पत्रा जुना आहे आणि अंगावरचं रबर नवं आहे. त्यामुळे मला म्हातारी म्हणायचं की तरणी, ते तुम्हीच ठरवा. भडगावला सुकदेवनानांच्या घराच्या पडवीत मी उभी असते. मी स्कूटर आहे. घरातली माणसं मला नुसतं 'गाडी' म्हणतात. तेवढ्यावर भागतं, कारण दुसरी गाडी या घरात कधी आलीच नाही.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, सांगाडा जोडला, रंग दिला, आणि जिथे जिथे लोखंडाला लोखंड भेटणार होतं तिथे तिथे मध्ये रबर बसवलं. इंजिन आणि सांगाड्याच्या मध्ये रबर. दिव्याची काच आणि पत्र्याच्या मध्ये रबर. तार जिथून पत्र्यात शिरते त्या भोकाला रबर, स्टँडच्या पायांत रबराचे बूट, किकला रबर, दोन्ही मुठींना रबर. तेव्हा मला वाटे, मी लोखंडाची आहे आणि रबर ही वरवरची सजावट आहे. लहानपणी असं पुष्कळांना वाटतं.

अडुसष्ट साली मालगाडीने मी जळगावला उतरले. अंगाभोवती गवत आणि गोणपाट. त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत. सुकदेवनानांचा नंबर लागला तेव्हा त्यांचं, तिशी उलटल्यावर, नुकतंच लग्न झालं होतं. नाना पाटबंधारे खात्यात होते. गिरणेच्या कालव्यावर कुठे पाणी फुटलं, कुणी रात्रीतून बारं, म्हणजे पाणी सोडायचं दार, फोडलं, कुणाच्या केळीला पाणी पोचलं नाही, हे बघत कालव्याच्या काठाकाठाने हिंडायचं, हे त्यांचं काम. काठाचा रस्ता म्हणजे उन्हाळ्यात फुफाटा आणि एरवी चिखल. मी तोवर डांबरच पाहिलं होतं, तेही थोडंसंच.

घरी आले त्या दिवशी यशोदाबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. हे सगळ्याच गाड्यांच्या नशिबी असतं. पण दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते माझ्या एकटीच्या नशिबी होतं.

यशोदाबाईंचा नेम होता. पहाटे अंघोळ करून देवापुढे दिवा लावल्याशिवाय त्या पाणीही घेत नसत. वात सारताना बोटांना तेल लागतं. त्यांच्या माहेरी अशी रीत होती की दिव्याच्या तेलाचा हात फडक्याला पुसायचा नाही. ते तेल घराच्या उंबऱ्याला लावायचं, म्हणजे उंबरा ओलांडून गेलेला माणूस सुखरूप परत येतो. यशोदाबाईंनी विचार केला असेल, आपला माणूस तर उंबरा ओलांडून लगेच गाडीवर बसतो आणि दिवसभर मूठ धरून असतो. तेव्हा त्या तेलाची बोटं उंबऱ्याला टेकवून उरलेलं तेल माझ्या मुठीला लावू लागल्या. पडवीत माझी उजवी बाजू भिंतीला लागून असे. त्यामुळे त्यांचा हात पोचायचा तो डाव्या मुठीपर्यंत. रोज डावी मूठ.

शेजारच्या शेवंताबाई एकदा ओसरीवरून हसल्या होत्या.

"यशोदाबाई, देव मोठा शे का गाडी मोठी शे?"

"देव देवघरमा शे," यशोदाबाई म्हणाल्या. "गाडीवर मना माणूस शे."

शेवंताबाई पुन्हा त्या विषयावर हसल्या नाहीत.

आता डाव्या मुठीबद्दल थोडं सांगते. ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. माझे गिअर पायाने पडत नाहीत, हाताने पडतात. डाव्या हाताने क्लच दाबायचा आणि सगळी मूठ वर किंवा खाली फिरवायची. मुठीच्या आत लोखंडाची नळी आहे आणि नळीवर रबर घट्ट चढवलेलं आहे. माणूस रबर फिरवतो, रबर नळीला फिरवतं, नळी तार ओढते आणि गिअर पडतो. रबराने नळीला घट्ट धरलेलं असेल तर माणसाला कळतही नाही की मध्ये रबर आहे.

नोकरीची वर्षं चांगली गेली. कालव्यावरचे पाटकरी लांबून माझा आवाज ऐकून उभे राहत. केळीच्या बागेतून कुणी घड आणून माझ्या मागच्या सीटला बांधू लागला, तर नाना तो सोडून परत देत आणि पाणी मात्र वेळेवर सोडत. घरात गिरधर झाला, मग कमल झाली. कमल चालायला लागली तशी पुढे, नानांच्या दोन हातांच्या मध्ये उभी राहू लागली. तिच्या पायांखाली माझ्या पाटावरच्या, म्हणजे पाय ठेवायच्या पत्र्यावरच्या, रबरी पट्ट्या होत्या. तिथे ती टाचा आपटायची. त्या पट्ट्यांची नक्षी नानांच्या बुटांनी कमी आणि कमलच्या टाचांनी जास्त झिजली, असं माझं मत आहे.

रबर झिजतं ते असं, कुणाच्या लक्षात न येता. पत्र्याला पोचा पडला की माणूस हळहळतो. रबराला चीर पडली तर कोण बघतं? दिव्याच्या काचेभोवतीचं रबर कडक झालं, तर मी आत पाणी घेऊ लागले. स्टँडचे बूट गेले, तर पडवीच्या फरशीवर ओरखडे उठले आणि यशोदाबाईंनी फरशीलाच नावं ठेवली. इंजिनाखालचं रबर बसलं आणि मी खडखडू लागले. नाना म्हणाले, "गाडी बोलू लागली." मी बोलत नव्हते. माझी लोखंडं एकमेकांशी भांडत होती, कारण मध्ये समजूत घालणारं कुणी उरलं नव्हतं.

एकोणनव्वद साली कमलचं लग्न झालं. सासर धुळ्याच्या अलीकडे, फागण्याला. निघताना ती नानांच्या गळ्यात पडून रडली, ते सगळ्याच मुली रडतात. मग माझ्याजवळ आली, सीटवर हात ठेवला आणि म्हणाली, "नाना, आखाजीले मुराळी म्हनीसन तुमीच या. याच गाडीवर."

आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तो सासरच्या लेकींचा सण आहे. माहेरचा माणूस न्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. लेकी घरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात आणि दोन दिवस कुणाचं ऐकत नाहीत. नाना दोन आखाज्या गेले, माझ्यावरच. कमल मागे बसून यायची आणि पारोळ्यापर्यंत सासरच्या गोष्टी सांगायची. पारोळ्यानंतर ती गप्प व्हायची, कारण तिथून पुढे माहेर जवळ यायचं.

मधल्या काळात नाना नोकरीतून मोकळे झाले. कालवा संपला, फुफाटा संपला. मी दिवसेंदिवस पडवीत उभी राहू लागले. यशोदाबाईंचा नेम मात्र चुकला नाही. इथेच गोम होती. मी रोज चालत होते तेव्हा मुठीवरचं तेल वाऱ्याने सुकायचं, धूळ पिऊन टाकायची, नानांच्या तळहाताने पुसलं जायचं. आता ते पुसणारं कुणी नव्हतं. रोजचं बोटभर तेल रबरात मुरू लागलं. रबर फुगलं. फुगलं तसं आतून सैल झालं. मला ते कळत होतं. पण मित्रांनो, स्कूटरला हॉर्न असतो, जीभ नसते.

ब्याण्णव सालच्या आखाजीच्या आदल्या दिवशी नाना फागण्याला निघाले. पारोळ्याच्या रस्त्यावर एका नाल्याचा पूल आहे आणि पुलानंतर चढ. पुढे कडब्याची बैलगाडी होती. नानांनी क्लच दाबला, तिसऱ्यावरून दुसरा टाकण्यासाठी मूठ फिरवली. मूठ फिरली. म्हणजे रबर फिरलं, नळी जागची हलली नाही. मी तिसऱ्यातच राहिले, धापा टाकल्या आणि चढावरच बंद पडले. मग मी मागे सरकले. नानांचा पाय मुरमावर घसरला आणि आम्ही दोघं कलंडलो.

फार लागलं नाही. गुडघा सोलवटला. गाडीवानाने नानांना उठवलं, मला उठवलं, आणि नाना आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"गिअर टाका मी," ते गाडीवानाला म्हणाले. "टाका व्हता. हातनी दगा दिन्हा."

त्या दिवशी ते घरी परतले, मला ढकलत. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन आखाजीला, गिरधर एसटीने फागण्याला गेला. तो जळगावला एका कचेरीत नोकरीला होता, सणापुरता आला होता. पोचायला त्याला दुपार झाली. कमलच्या सासूबाई म्हणाल्या, "मुराळी शिळा आला बाई यंदा." म्हणाल्या त्या हसूनच. पण कमलने पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली आणि ती आली नाही. भडगावात निंबाला बांधलेला झोका तसाच लोंबत राहिला. यशोदाबाईंनी तो आठ दिवस सोडला नाही.

नानांनी मला हात लावणं बंद केलं. डॉक्टरांनी त्यांचा हात दाबून पाहिला, मलम दिलं, म्हणाले, काही नाही. नानांना ते पटलं नाही. भाकरी मोडताना, पंचांगाचं पान उलटताना ते डाव्या हाताकडे असे बघत, जसं माणूस न सांगता सोडून गेलेल्या गड्याच्या रिकाम्या जागेकडे बघतो. लोक म्हणत, "नाना, वय झालं." नाना म्हणत, "हां, झालं." त्यांनी ते खरं मानलं, हेच वाईट.

माझ्यावर गोणपाट पडलं. गोणपाटावर कोंबडी बसू लागली. बाकीचं सगळं रबर वाळून चिरलं, पेट्रोलची नळी काडीसारखी कडक झाली. फक्त डावी मूठ मऊ राहिली, कारण यशोदाबाई रोज पहाटे गोणपाटाचा कोपरा उचलत, तेलाची बोटं लावत आणि कोपरा पुन्हा नीट करून ठेवत.

दिवाळीला गिरधर आला, तेव्हा त्याने विषय काढला.

"नाना, ही देऊन टाकू. जळगावला बदलीत घेतात. थोडे पैसे घातले की मोपेड येईल. हलकी असते, गिअर नसतो."

"लई जा," नाना म्हणाले. मान वर न करता.

यशोदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा आवाज एरवीही मोठा नसतो. त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "आधी दुरुस्त करू. मंग दे."

"दुरुस्त करून देणार? कशाला माय?"

"आखाजीले नाना जातीन गाडीवर."

गिरधरने बापाकडे पाहिलं. बाप पंचांगात बघत होता. गिरधर वाईट मुलगा नाही. तो म्हणाला, "बरं. आखाजीपर्यंत. नाना हिच्यावर बसून फागण्याला गेले तर गाडी राहील. नाही गेले तर मी घेऊन जातो, मग तू मध्ये बोलायचं नाही."

"नही बोलाव," यशोदाबाई म्हणाल्या.

अशी माझी मुदत ठरली.

पाचोऱ्याला स्टेशनाच्या रस्त्यावर झुलाल मिस्तरीचं गॅरेज आहे. टेम्पोत घालून मला तिथे नेलं. झुलाल मिस्तरी माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पत्रा झकास शे. आतून खराब नही. फक्त बठ्ठा रबर गया शे." बठ्ठा म्हणजे सगळं. त्याने अंगठ्याने दिव्याच्या काचेचं रबर दाबलं, तर त्याचा भुगा होऊन खाली पडला, शिळ्या भाकरीसारखा.

रबर आणायला तो धुळ्याला गेला, आग्रा रोडला. माझ्या वयाच्या गाडीचं रबर सहज मिळत नाही. काही मिळालं, काही दुसऱ्या गाडीचं आणून कापून बसवलं. पाटावरच्या पट्ट्या काढताना गंजलेले स्क्रू फिरेनात. इंजिनाखालचं रबर तर लोखंडात इतकं रुतलं होतं की ते छिन्नीने तुकडे करून काढावं लागलं. नवं बसवण्याआधी झुलालने ते पातेल्यात उकळलं, म्हणजे मऊ होतं आणि जागेवर सरकतं. नंतर त्याच पातेल्यात चहा झाला. गिऱ्हाईकांनी तो प्यायला आणि कुणी तक्रार केली नाही.

मुठींची पाळी शेवटी आली. उजवी मूठ कडक, चिरलेली. ती सुरीने कापून काढावी लागली. डावी नुसती ओढली तशी हातात आली. झुलालने ती दोन बोटांत धरून वास घेतला. तोंड वाकडं केलं.

"बठ्ठा रबर सुकीसन फाटी गया. मंग हाऊच कसा चिकट?" तो स्वतःशी म्हणाला. मग स्वतःच उत्तर दिलं, "नानाना हातले घाम जास्त व्हई." आणि मूठ कोपऱ्यातल्या ढिगात फेकली. नव्या मुठी त्याने साबणाच्या पाण्याने चढवल्या. पाणी वाळलं की रबर नळीला धरून बसतं.

गाडी सुरू केली. खडखड नाही, थरथर नाही. पहिल्यांदा मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला. अडुसष्टनंतर विसरले होते तो.

शिमग्यानंतर मी घरी आले. नाना दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हते. तिसऱ्या दिवशी यशोदाबाई देवळात गेल्याचं बघून ते पडवीत आले, माझ्यावर बसले आणि मला आळीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं. पहिला, दुसरा, पहिला. गिअर पडत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू बाजारापर्यंत, मग शिवारापर्यंत. गुढीपाडव्याला त्यांनी माझ्या मुठीला साखरेची गाठी बांधली आणि यशोदाबाईंना म्हणाले, "हात सुधरना वाटस."

यशोदाबाईंना काय आनंद झाला असेल, तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. फक्त सकाळच्या दिव्याबरोबर संध्याकाळच्या दिव्याचंही तेल माझ्या मुठीला लागू लागलं. आता बोटं टेकत नव्हती, सगळा तळवा फिरत होता. नानांचा हात बरा झाला होता. तो बरा राहायला हवा होता.

चैत्रातलं ऊन आणि दोन वेळचं तेल. मला जे कळत होतं ते पुन्हा कळू लागलं.

आखाजीला चार दिवस राहिले तेव्हा नाना पेट्रोल भरायला निघाले. कोपऱ्यावर वळताना दुसरा टाकला आणि मूठ हातात फिरली. या वेळी वेग नव्हता. त्यांनी पाय टेकले, मला बंद केलं आणि उतरून ढकलत घरी आणलं. ओट्यावर बसले. पाणी मागितलं नाही.

"गिरधरले निरोप धाड," ते म्हणाले. "गाडी लई जा म्हना. मना हातच गया."

यशोदाबाईंनी निरोप धाडला, पण तो जळगावला नाही, पाचोऱ्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी झुलाल आला. त्याने मूठ धरून हलवली, ती ओढली आणि ती अलगद निघाली. तो चिडला.

"नकली माल दिन्हा त्यानी. दोन महिना नही टिकना. आज उशीर झाया, उद्या दुसरा आनस." काढलेली मूठ ओट्यावर ठेवून तो गेला. नाना म्हणाले, "कितला रबर बदलशीन? हात बदलता येस का?" ते कुणाला ऐकू जावं म्हणून म्हणाले नव्हते.

दिवेलागणीला यशोदाबाई देवापुढे बसल्या. दिव्याच्या तेलाची त्यांची बाटली म्हणजे औषधाची जुनी बाटली, तिला सलाईनच्या बाटलीचं रबरी बूच. पडवीतून देवघराचं दार दिसतं, म्हणून मला हे सगळं दिसलं. त्यांनी समईत तेल घातलं, बूच लावू लागल्या. बूच जाईना. दाबलं, तरी जाईना. त्या पुटपुटल्या, "हाई बी फुगं. तिसरं बूच शे हाई."

मग त्यांचा हात थांबला.

त्या उठून ओट्यावर आल्या. एका हातात बूच, दुसऱ्या हातात माझी मूठ. दोन्ही बोटांनी दाबून पाहिली. दोन्ही फुगलेली, मऊ, बोटाला चिकटणारी. दोन्हींना एकच वास. शेंगदाण्याच्या तेलाचा, थोडा कापराचा. देवघराचा वास होता तो. त्या तिथेच खाली बसल्या. मूठ मांडीवर ठेवली. त्यांच्यापुढे काय होतं ते तुम्हाला कळतंय ना, मित्रांनो? गप्प राहिल्या तर नानांचा हात म्हातारा ठरत होता. बोलल्या तर इतक्या वर्षांचा नेम खोटा ठरत होता.

"आयकं का?" त्या म्हणाल्या.

नाना आतून आले.

"हात तुमना नही गया. हाऊ रबर मन्हा तेलनी खादा. दोन्ही येळले." त्यांनी बूच आणि मूठ त्यांच्यापुढे धरली. "आन ते पडनात तुमी पुलवर, ते बी मन्हामुये."

नानांनी बूच हातात घेतलं. दाबलं. मूठ घेतली. दाबली. मग डावा हात उघडला, मिटला, आणि यशोदाबाईंच्या खांद्यावर टेकवून त्यांच्याशेजारी बसले. नुसत्या टेकण्यावरून कळतं की हातात जोर आहे की नाही. यशोदाबाईंना कळला असावा, कारण तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजे तू मले इतलं घट्ट धरं," नाना म्हणाले, "की मन्ही मूठच ढिली पडनी."

"हसा आते," यशोदाबाई म्हणाल्या. नाना खरंच हसत होते. वर्षभरात पहिल्यांदा.

सकाळी झुलाल नवं रबर घेऊन आला. झालेलं सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "आन मी त्या दुकानदारले शिव्या देत बसनू." साबणाचं पाणी करून त्याने मूठ चढवली. यशोदाबाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी पहाटे त्यांनी दिवा लावला होता आणि तेलाची बोटं तशीच मिटून धरली होती. उंबऱ्याला लावली होती, पण पुढे कुठे न्यायची ते कळत नव्हतं.

"झुलाल," त्यांनी विचारलं, "लोखंडले तेल चालस ना?"

"लोखंडले तं पाहिजेच, अक्का."

त्या माझ्याजवळ आल्या. डाव्या मुठीच्या पुढे क्लचचा दांडा आहे आणि दांडा ज्या खिळीवर फिरतो ती खीळ मुठीपासून दोन बोटांवर आहे. त्यांनी त्या खिळीवर बोट ठेवलं आणि झुलालकडे पाहिलं.

"आठे?"

झुलालने दांडा दाबून सोडला. तो करकरला. "आठेच," तो म्हणाला. "पन थेंबभर. आंघोळ नका घालू."

यशोदाबाईंनी एक थेंब सोडला. उरलेलं तेल आपल्या केसांना पुसलं. दांडा पुन्हा दाबला, तेव्हा त्याने आवाज केला नाही. इतक्या वर्षांचा नेम दोन बोटं पुढे सरकला, एवढंच झालं.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना पांढरं धोतर नेसून माझ्यावर बसले. गिरधर जळगावहून मला न्यायला म्हणून आला होता, तो पिशवी हातात घेऊन पडवीत उभा. नाना त्याला म्हणाले, "तू झोका बांध." आणि किक मारली.

त्या पुलाच्या चढावर या वेळी पुढे बैलगाडी नव्हती. तरीही नानांनी क्लच दाबला आणि दुसरा टाकला. गरज नव्हती, तिसऱ्यातही मी चढले असते. रबराने नळीला धरलं, नळीने तार ओढली. "पडना गिअर," नाना म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि तेही माझ्याशीच, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं.

फागण्याला कमल दारातच उभी होती. तिने आधी माझा आवाज ओळखला नाही, कारण मी खडखडत नव्हते. मग ओळखला. सासूबाई म्हणाल्या, "यंदा मुराळी ताजा आला." परत येताना कमल पारोळ्यापर्यंत बोलत होती आणि पारोळ्यानंतर गप्प झाली. घरी उतरली तेव्हा तिने पाटावरच्या नव्या पट्ट्यांवर पाऊल ठेवून पाहिलं. टाच आपटली. "नाना, नक्षी नवी शे," ती म्हणाली. नाना म्हणाले, "झिजव."

गिरधर तसाच एसटीने जळगावला गेला. माझ्याबद्दल पुन्हा बोलला नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याला काय चालतं आणि काय चालत नाही, हे एकदा विचारून घ्या. तेल वाईट नाही आणि रबरही वाईट नाही. माझ्यासारख्या मुक्या वस्तूला विचारता येत नसेल, तर तिला हात लावून बघा, ती बोटाला सांगते. रबर वाळलं, फुगलं, चिरलं की वेळेवर बदला. ते स्वस्त असतं आणि त्याच्यावाचून महागाचं लोखंड नुसतं भांडत बसतं. पुसायचं झालं तर ओल्या फडक्याने पुसा.

उद्या पहाटेही देवघरात दिवा लागेल. यशोदाबाई येतील, उंबऱ्याला बोटं टेकवतील, मग माझ्या खिळीवर एक थेंब सोडतील आणि उरलेलं तेल केसांना पुसतील. माझी डावी मूठ कोरडी राहील. नाना ती घट्ट धरतील.